चार रेघांची फट

हिंगणघाट,
ता. ४ ऑक्टोबर १९५३

पुनाजीदादांना बबनचा रामराम.

आठ महिन्यांत एकही पत्र लिहिलं नाही, याचा राग धरू नये. तुम्ही कापसाच्या जिनचा कारखाना सोडून जामला गेलात तेव्हापासून रोज लिहीन लिहीन म्हणत होतो, पण काय लिहावं हेच सुचत नव्हतं. वहिनी कशा आहेत? सहा वर्षं त्यांच्या हातची भाकर खाल्ली. आता खानावळीत जेवतो, पण पोट भरत नाही.

इथली हकीकत अशी. दसऱ्यानंतर कापूस यायला लागेल म्हणून शेठजींनी मोडलेलं ऑईल एंजिन नागपूरला पाठवलं होतं. ते परत आलं. पोट सांधलं आहे, कनेक्टिंग रॉड नवी आहे. क्रँकची पिन मात्र तीच आहे, नुसती घासून पॉलिश केली आहे. आता रॉडचं बेअरिंग इथं बसवायचं आहे आणि सदाशिवराव मॅनेजरांनी ते काम तात्पुरतं माझ्यावर टाकलं आहे.

दादा, तुमच्या हाताखाली नट आवळायचं काम मी केलं. पण पिन आणि बेअरिंग यांच्यामध्ये फट किती ठेवायची, ते माप नेहमी तुम्हीच घ्यायचात. शिसाची तार ठेवायचात एवढं आठवतं. बाकी सविस्तर लिहून कळवावं. पुन्हा तसं काही घडू नये, एवढीच इच्छा आहे.

तुमचा धाकटा,
बबन

&nbsp;

जाम,
ता. ८ ऑक्टोबर १९५३

बबनले पुनाजीचा रामराम.

पोस्टमननं पाकीट हातात देल्लं तं मले वाटलं चौकशीचा आणखी एखादा कागद आला. अक्षर पाह्यलं अन् तिथंच पाकीट फोडलं. बबन, जिनमधलं एक माणूस इकडं फिरकलं नाई. मले वाटे, तूही मलेच दोष देत अशीन. तसं नाई, हे पाहून बरं वाटलं.

मी इथं चौरस्त्यावर सायकली अन् बंडीचे आस दुरुस्त करतो. एंजिनचा आवाज ऐकून आठ महिने झाले.

तुही वहिनी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते. माह्याशी बोलत नाई. जंगू तिचा थोरला भाऊ होता. मीच त्याले तेलवाला म्हणून जिनमध्ये लावलं होतं. माह्या हातानं बांधलेलं बेअरिंग चिकटलं, रॉडचा बोल्ट तुटला, रॉड एंजिनचं पोट फोडून बाहेर आली अन् लोखंडाचा तुकडा जंगूच्या छातीत गेला. चौकशीले आलेल्या वर्ध्याच्या साहेबानं लिहिलं, मिस्त्रीनं फट कमी ठेवली. ते गंगेनं ऐकलं. तिनं मले शिवी नाई देल्ली. देल्ली असती तं बरं झालं असतं. ताट ठेवते अन् मागच्या दारी जाऊन बसते.

आता कामाचं. पिन फडक्यानं कोरडी पुस. शिसाची बारीक तार बोटभर तोडून पिनीवर ठेव. बेअरिंगचा दुसरा अर्धा भाग बसव अन् दोन्ही बोल्ट सारखे आवळ. एंजिन फिरवू नको. मंग खोल. तार चपटी झाली अशीन, तिची जाडी मायक्रोमीटरनं पाह्य. जेवढी तिची जाडी तेवढी फट. मायक्रोमीटरची एक रेघ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे तुले मालूम आहे. फट जास्त निंगाली तं बेअरिंगच्या दोन अर्ध्यांच्या मधातली पितळी पत्री काढ, कमी निंगाली तं आणखी एक टाक. दोन्ही बाजूच्या पत्र्या सारख्याच राह्यल्या पायजे. एकदा मोजून थांबू नको. क्रँक पाव फेरा फिरवून परत मोज, कारण ती पिन जराशी अंड्यासारखी झिजली आहे. म्हणूनच ते एंजिन हलकं टक-टक करे.

त्या तीन इंचाच्या पिनीले मी चार रेघा ठेवल्या होत्या. तीनदा मोजल्या. पण चारावर चिकटलं, म्हणजे चार कमी होत्या, नाईतं माहं मोजणंच फसलं. आठ महिने झाले, मी मनातल्या मनात तीच तार परत परत मोजतो. तू सहा ठेवजो. टक-टक वाढीन, तं वाढू दे. तेलाले जागा भेटली पायजे. आवाजानं कोणी मरत नाई.

झालं की लिहिजो.

पुनाजी

&nbsp;

हिंगणघाट,
ता. १३ ऑक्टोबर १९५३

पुनाजीदादांना रामराम.

तुमचं पत्र समोर ठेवूनच काम केलं. तार अगदी तुम्ही सांगितली तशी चपटी झाली. पहिल्यांदा नऊ रेघा आल्या. मग पत्र्या काढत काढत सहावर आणलं.

पण सहावर एंजिन फारच वाजतं, दादा. मॅनेजर कचेरीतून उठून आले आणि म्हणाले, हे एंजिन आहे की लोहाराची ऐरण. सहा जास्त होतात. चारच बरोबर आहे. मागच्या वेळी चारावर ते कार्तिकापासून माघापर्यंत चाललं आणि एकदाही तापलं नाही. मी रोज हात ठेवून पाहत होतो. तुमचं माप चुकलेलं नव्हतं, तुम्ही उगाच स्वतःवर शंका घेऊ नका. मी चारच ठेवतो.

वहिनींची समजूत घालावी. काळ जाऊ द्यावा, सगळं निवळतं.

बबन

&nbsp;

जाम,
ता. १५ ऑक्टोबर १९५३

बबन,

तुहं पत्र दुपारी आलं. तवापासून एक सायकल उलटी करून ठेवली आहे, तिले हात लावला नाई.

तू लिहितं, तुमचं माप चुकलेलं नव्हतं. हे तुले कसं मालूम?

चारावर चिकटलं, हे साहेबानं मानलं. गंगेनं मानलं. मीबी मानलं. जगात एकटा तूच म्हणून राह्यला की चार बरोबर होतं. नुसतं म्हणत नाई, त्याच पिनीवर परत चार ठेवून राह्यला. ज्या फटीनं माणूस मेला ती फट कोणी दुसऱ्यांदा ठेवीन का? ठेवीन, पण ज्याले पक्कं मालूम आहे की माणूस त्या फटीनं मेला नाई, तोच.

मंग त्या दिवशी बेअरिंगमध्ये फट किती होती?

मी आत्याच्या मौतीले पवनारले गेलतो. तीन दिवस तिकडंच होतो. नट खोलाचे पाने तुह्याजवळ होते. परत आलो तवा एंजिनची टक-टक बंद झालती. मी खुश झालो. तुह्या पाठीवर हात मारून म्हणलं, बसलं रे बेअरिंग आपल्या जागी. तू हसला नाई. मले वाटलं थकला अशीन. दुसऱ्या दिवशी सकाळी जंगू गेला.

सरळ विचारतो, सरळ सांग. मी नसताना एंजिन कोणी खोललं?

पुनाजी

&nbsp;

हिंगणघाट,
ता. २५ ऑक्टोबर १९५३

पुनाजीदादांना रामराम.

दसऱ्याच्या कामामुळे उत्तराला उशीर झाला. एंजिनची पूजा झाली, नारळ फोडला, शेठजींनी स्वतः हार घातला. एंजिन छान चाललं आहे. हे सगळं तुमच्याच शिकवणीमुळे.

तुम्ही माझ्या शब्दांचा भलताच अर्थ काढलात. तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी तसं लिहिलं होतं. जे घडलं ते जंगूभाऊंच्या नशिबात होतं. आपण उकरून काय मिळणार?

जामवरून जाणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर ओळखीचा आहे. त्याच्याबरोबर वहिनींसाठी एक लुगडं पाठवतो, ते घ्यावं. आणि एक गोष्ट. इथं फाटकावर चौकीदाराची जागा रिकामी होणार आहे. तुमची हरकत नसेल तर सदाशिवरावांजवळ तुमच्यासाठी शब्द टाकतो.

बबन

&nbsp;

जाम,
ता. २८ ऑक्टोबर १९५३

बबन,

लुगडं त्याच ड्रायव्हरजवळ परत देल्लं. गंगेनं घडीबी मोडली नाई.

त्या ड्रायव्हरले मी सहज विचारलं, बबनचं कसं चाललं? तो म्हणे, भोयर मिस्त्री ना, मजेत आहे, होळीपासून एंजिनघर त्याच्याचकडं आहे. होळीपासून! जंगूले जाऊन महिना झाला नव्हता. अन् तू मले लिहितं, काम तात्पुरतं टाकलं.

आणखी एक सांगतो. हे कोणाजवळ बोललो नाई. चौकशीच्या दिवशी मी कचेरीच्या दाराबाहेर उभा होतो. आतून मॅनेजरचा आवाज आला, 'गोंडाच्या हाती एंजिन देल्लं, दुसरं काय होणार!' मी कान लावला. मले वाटलं, आता माहा बबन बोलीन. म्हणीन, साहेब, या माणसानं अठरा वर्षं हे एंजिन चालवलं. तुहा आवाज आला नाई. मी मनाची समजूत घातली की हळू बोलला अशीन, भिंत जाड आहे.

तू मॅनेजरच्या भाषेत पत्र लिहाले शिकला. मले ते नको. मी नसताना एंजिन तू खोललं का? हो लिही, नाईतं नाई लिही. एक अक्षर जास्त नको.

पुनाजी

&nbsp;

हिंगणघाट,
ता. १२ नोव्हेंबर १९५३

दादा,

हो.

दिवाळीत घरी गेलतो. माय म्हणे, तुले काय झालं, जेवत काऊन नाई? तिले सांगता आलं नाई म्हणून तुम्हाले सांगतो.

तुम्ही पवनारले गेले अन् दुसऱ्या दिवशी सदाशिवराव एंजिनघरात आले. म्हणे, उद्या शेठजी मुंबईच्या व्यापाऱ्याले घेऊन येऊन राह्यले, ही टक-टक ऐकून तो म्हणीन कारखाना भंगार झाला, आवाज बंद कर. मी म्हणलं, मिस्त्रीले येऊ द्या. ते म्हणे, तुले येत नाई का? सहा वर्षं काय फक्त पाने उचलले? ते मले लागलं. मी बेअरिंग खोललं अन् दोन्ही बाजूची एक-एक पत्री काढली. तार ठेवून मोजलं नाई. फट एखादी रेघ राह्यली अशीन, तेवढीबी नसीन. पण आवाज बंद झाला. व्यापारी आला, गेला. मॅनेजरनं माही पाठ थोपटली.

सांजेले बेअरिंगवर हात ठेवला तं चटका बसला. मी घाबरलो. जंगूभाऊले म्हणलं, तेलाची धार जरा जास्त सोडा, अन् घडीघडी जवळ जाऊन पाह्यत जा. त्यायनं काऊन म्हणून विचारलंबी नाई. त्या सकाळी ते वाकले होते ते मी सांगतलं म्हणून.

तुम्ही आले तवा मी सांगणारच होतो. तुम्ही पाठीवर हात मारला अन् मी पाने पुसाले लागलो. म्हणलं, उद्या जिन बंद झाली की सांगतो.

चौकशीत साहेबानं विचारलं, बेअरिंग कोणी बांधलं? मी म्हणलं, पुनाजी मिस्त्रीनं. ते खोटं नव्हतं. साहेबानं पुढचं विचारलं नाई अन् मी सांगतलं नाई. सदाशिवरावनं मले आधीच बाजूले घेऊन म्हणलं होतं, आपल्या मायचा विचार कर, तुरुंगात गेला तं तिले कोण पाह्यणार. अन् मिस्त्रीची जागा तुलेच.

या सालात पत्र लिहिलं ते भेवानं. एंजिन परत माह्या हातात आलं तं चार दिवस मी पाना उचललाच नाई. तुम्हाले सोडून विचारू कोणाले?

दादा, हे पत्र वाचून जाळून टाका. वहिनीले सांगू नका. सहा वर्षं पोटाशी धरलं, आता एवढं पोटात घाला.

बबन

&nbsp;

जाम,
ता. १६ नोव्हेंबर १९५३

हे पत्र गंगा सांगते, मी लिहितो. यात माहा शब्द नाई. — पुनाजी

बबन,

तुहं पत्र यायनं मले वाचून दाखवलं. मी भांडे घासत होती. समजलं नाई, म्हणून परत वाच म्हणलं. तीनदा वाचाले लावलं. तिसऱ्यांदा समजलं.

जंगूदादा तेल टाकाले वाकला, कारण तू सांगतलं. बेअरिंग कसं तापते ते तुले मालूम होतं, त्याले नव्हतं. तरी तू त्यालेच जवळ जाय म्हणलं. तुले मोतीझरा झालता तवा हाच जंगूदादा तुले खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेलता. तू ते विसरला असं मी म्हणत नाई. याद असूनबी तू तसं केलं.

पण मले बोलाचं आहे ते वेगळंच. जंगूदादाच्या दिवसाले तू आमच्या हिंगणघाटच्या घरी आलता. पानावर बसला. मी तुले वाढता वाढता विचारलं, बबन, एवढ्या जाणत्या माणसाच्या हातून असं कसं झालं? तू यायच्याकडं पाह्यलं. मंग मले म्हणला, 'वहिनी, माणूसच तो, चूक होते.' मी त्या बोलण्यावर भरवसा ठेवला. माह्या नवऱ्याचा नाई ठेवला, तुहा ठेवला, कारण तू त्यायचा होता. त्या दिवसापासून मी यायच्याशी बोलली नाई. सखू, माही भावजय, तिनं यायची सावलीबी अंगावर पडू देल्ली नाई. हे एकटेच जेवले, एकटेच कण्हले. दोनदा मी यायले विहिरीजवळ उभं असलेलं पाह्यलं अन् तरी हाक मारली नाई.

माहा भाऊ मेला. माहा नवरा जिता होता, त्यालेबी तू मारलं, अन् त्याच्या मयतीवर मलेच बसवलं.

पत्र जाळलं नाई. ते लुगड्याच्या पदराले बांधून फिरते मी. येत्या सोमवारी, २३ तारखेले, सकाळच्या भोंग्याच्या वक्ताले आम्ही जिनच्या फाटकावर येतो. सखूबी तिथंच कामावर असते. तू सगळ्यांसमोर ते पत्र वाचजो. तू वाचलं तं मी ऐकीन. नाई वाचलं तं हे वाचतीन.

गंगा

&nbsp;

हिंगणघाट,
ता. ३० नोव्हेंबर १९५३

बबन,

हे पत्र तुह्या गावी, तुह्या मायच्या पत्त्यावर धाडतो. तू तिथं आहे की नाई, मले मालूम नाई. तिले वाचून दाखवाले कोणी भेटलं तं तिले कळीन. कळू दे.

सोमवारी आम्ही आलो. फाटकावरचा चौकीदार म्हणे, भोयर मिस्त्री काल पेटी घेऊन गेला, चाव्या खुंटीवर ठेवून गेला. तरी मी दुसऱ्या भोंग्यापर्यंत उभा राह्यलो. गंगा म्हणे, आणखी किती वाट पाह्यता? मी म्हणलं, थोडीशी.

तवढ्यात सदाशिवराव आले. म्हणे, पुनाजी, कागद घेऊन आत ये, बसून बोलू. गंगा म्हणे, 'आत नाई. आतच तं सगळं झालं. इथं.' मी वाचलं. बाया टोपले खाली ठेवून ऐकत होत्या. 'तेलाची धार जरा जास्त सोडा' ही तुही ओळ मी दोनदा वाचली. मंग पुढं वाचलं. सखू समोर येऊन उभी राह्यली. तिनं माह्या हातातून कागद घेतला. तिले अक्षर येत नाई. उलटा धरून ती कितीतरी वेळ पाह्यत राह्यली. मंग मले म्हणे, 'जवाई, मी तुम्हाले लय वाईट बोलली.' मी म्हणलं, तुले जे सांगतलं ते तू मानलं.

वर्ध्याले जाऊन साहेबाले पत्र दाखवलं. त्यायनं नक्कल करून घेतली. म्हणे, चौकशी परत होईन. काय होईन ते मी सांगू शकत नाई. सदाशिवराव आता म्हणून राह्यले की त्यायनं तुले काहीच सांगतलं नव्हतं, पत्री तू आपल्या मनानं काढली. ज्या माणसाच्या भेवानं तू मले विकलं, त्यानं तुले एका सकाळी विकलं. मी साहेबाले म्हणलं, बबनच्या पत्रात आहे तेच खरं आहे. मॅनेजर खोटं बोलून राह्यला. तुह्यावर उपकार म्हणून नाई म्हणलं. जे खरं होतं ते म्हणलं.

शेठजी म्हणे, एंजिनवर ये. मी लवकर हो म्हणलं नाई. पण सखूसारख्या चाळीस बाया त्याच एंजिनवर चालणाऱ्या मशिनींजवळ बसतात, अन् एंजिनघरात आता कोणी नव्हतं. म्हणून आलो. पहिलं काम, बेअरिंग खोललं. तार ठेवून मोजलं, पाव फेरा फिरवून परत मोजलं. चार रेघा. पिन जाड आहे तिथं बरोबर चार, झिजली आहे तिथं जराशी जास्त. पत्र्या दोन्ही बाजूले सारख्या, बोल्ट सारखे आवळलेले. बबन, मीबी याहून चांगलं बांधलं नसतं. तुले येत नव्हतं, म्हणून झालं, असं समजून माफ कराची एक वाट मी ठेवली होती. तुले तं सगळं येत होतं.

गंगा बोलते. पहिल्या दिवशी लय बोलली, मंग लय रडली. म्हणे, मी तुमच्यावर भरवसा ठेवाले पायजे होता. मी म्हणलं, माहाच माह्यावर नव्हता, तं तुले काय म्हणू.

लोक म्हणतात, पुनाजी, तू सुटला. सुटलो. पण एक गोष्ट तुलेच सांगतो, कारण दुसऱ्या कोणाले समजणार नाई. जामच्या चौरस्त्यावर हिंगणघाटची मोटार थांबली की मी हातातलं काम सोडून पाहो, बबन उतरला का. आठ महिने, रोज. मी माह्या मनात खुनी होतो, तवा वाट पाहाले मले तू होता. आता मी निर्दोष आहे, अन् कोणाची वाट पाह्यत नाई.

उत्तर लिहू नको.

पुनाजी कुमरे